शिळ्या भातापासून विजेपर्यंत

चार माणसांच्या घरातून रोज साधारण एक किलो ओला कचरा निघतो. भाजीचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा, ताटात उरलेलं, डब्यातून परत आलेलं. या एका किलोपासून सुमारे १०० लिटर जळणारा वायू मिळू शकतो. तो इंजिनात जाळून वीज केली तर हाती येते अंदाजे ०.१५ युनिट. नऊ वॅटचा एलईडी दिवा त्यावर सोळा तास चालेल. ७५ वॅटचा पंखा लावलात तर दोन तासांत वीज संपली.

हा आकडा सुरुवातीलाच सांगायला हवा, कारण ‘कचऱ्यापासून वीज’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गच्चीवरची टाकी आणि शून्यावर आलेलं विजेचं बिल उभं राहतं. एका घराच्या कचऱ्यावर तसं होत नाही. एकट्या घराने या वायूची वीज करण्याच्या फंदात पडूच नये, तो सरळ शेगडीत जाळावा. शंभर लिटर वायू म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम एलपीजी. छोट्या बर्नरवर वीस-पंचवीस मिनिटं चांगली आच मिळते, म्हणजे वरण-भाताचा कुकर होऊन वर चहाही होतो. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, पाण्याच्या प्लास्टिकच्या टाक्या एकात एक उपड्या घालून असा घरगुती संच तयार केला. २००६ साली त्याला ॲश्डेन पुरस्कारही मिळाला.

वीज करण्यात अर्थ येतो तो हजारेक घरांचा ओला कचरा एके ठिकाणी आला की. हजार घरं, एक टन कचरा, १०० घनमीटर वायू, दीडशेच्या आसपास युनिट. (घनमीटर म्हणजे हजार लिटर.) मोठं गृहसंकुल, एखादा प्रभाग किंवा बाजारपेठ असलेलं छोटं शहर एवढा कचरा सहज देतं. पुढे जे सांगतो आहे ते अशा एक टनाच्या प्रकल्पाबद्दल. कचरा आपल्या ओट्यापासून दिव्यापर्यंत कसा पोचतो आणि वाटेत कुठे अडतो, ते क्रमाने पाहू.

कल्पना काही नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्यातून निघणारा वायू १८९७ सालापासून गोळा करून वापरला जात होता. खेड्यातला गोबर गॅस आपल्या परिचयाचा आहेच. फरक एवढाच की तिथे शेण असतं, इथे खरकटं. आणि खरकटं शेणापेक्षा बरंच लहरी असतं.

पहिली पायरी आपल्या स्वयंपाकघरात आहे, आणि माझ्या मते निम्मा प्रकल्प इथेच जमतो किंवा फसतो. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा हे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितलं. तरीही ओल्या कचऱ्याला प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून देण्याची सवय सुटत नाही. ती पिशवी पुढे दळणाऱ्या यंत्राच्या दांड्याला गुंडाळली जाते आणि सकाळचं काम थांबतं. ओल्या कचऱ्याला पिशवी नकोच. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद पुरतो.

डब्यात काय चालेल? जे आपण खातो त्याचं उरलेलं जवळजवळ सगळं. भात, पोळी, आमटी, भाजी, बिघडलेलं दूध, साली, देठ. पिठूळ आणि शिजलेल्या पदार्थांपासून वायू भरपूर मिळतो, कच्च्या पालेभाजीपासून कमी, कारण तिच्यात पाणीच जास्त.

काय चालत नाही, हे जास्त महत्त्वाचं आहे. नारळाची करवंटी, शहाळं, आंब्याची कोय, उसाचं चिपाड, मक्याचं कणीस यांत लिग्निन असतं, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक. हवेविना जगणारे जंतू तो पचवू शकत नाहीत. हाडं आणि अंड्यांची टरफलं तळाशी जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं टाकीची जागा खातात. संत्री-मोसंबीच्या सालींतलं तेल वायू तयार करणाऱ्या जंतूंना मारक असतं. चार साली गेल्या तर बिघडत नाही, पण हंगामात नागपूरच्या एखाद्या रसवाल्याकडची पोती त्यात रिकामी करू नयेत. फिनेल किंवा ब्लीच टाकून धुतलेल्या डब्याचं पाणी तर अजिबात नको. जे जंतूंना मारायलाच बनवलंय ते आपल्या कामाच्या जंतूंनाही सोडत नाही.

निर्माल्याचं काय? फुलं चालतील, पण त्यांच्यासोबत दोरा, सोनेरी कागद आणि कापराची पुडी येते, म्हणून गणपतीच्या दिवसांत निर्माल्य थेट कंपोस्टला धाडलेलं बरं. सॅनिटरी पॅड आणि डायपर कुठल्याच डब्यात मोकळे टाकू नयेत. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायला लोकांना सांगितलं, म्हणजे हाताळणाऱ्याला आत काय आहे ते न उघडता कळतं. कुठेही करता येईल अशी ही सोय आहे.

सुक्या कचऱ्याची वीज वेगळ्या मार्गाने होते. तो जाळून वाफ करायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचं. पिंपरी-चिंचवडला मोशी इथे २०२३ मध्ये सुरू झालेला १४ मेगावॉटचा प्रकल्प या प्रकारचा आहे. पण जाळायचा कचरा खरोखर सुका हवा. १९८७ मध्ये दिल्लीत तिमारपूरला रोज ३०० टन कचरा जाळणारा प्रकल्प डॅनिश तंत्रज्ञानाने उभारला गेला, आणि काही आठवड्यांतच तो बंद पडला. आपल्या मिश्र कचऱ्यात ओलाव्याचं आणि मातीचं प्रमाण इतकं होतं की तो नीट जळेच ना. ओलं वेगळं केलं नाही की दोन्हीकडून नुकसान होतं, ते असं. असो, आपण ओल्याच्याच मागे जाऊ.

दुसरी पायरी निवडण्याची. गाडी प्रकल्पावर आली की कचरा एका लांब टेबलावर किंवा सरकत्या पट्ट्यावर पसरतात आणि कामगार त्यातून नको ते काढतात. हॉटेलांच्या कचऱ्यात हमखास सापडतात ते स्टीलचे चमचे. त्याखालोखाल दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, रबर बँड आणि टूथपिक. इथे हातमोजे, बूट आणि हात धुवायला साबण-पाणी हवंच. प्रकल्प पाहायला गेलात तर यंत्रांच्या आधी हे आहे का ते पाहा.

कचरा ज्या दिवशी आला त्याच दिवशी टाकीत जायला हवा. दोन दिवस पडून राहिलेला कचरा बाहेरच आंबतो. त्यातला वायू हवेत जातो, वास आजूबाजूच्या घरांत जातो आणि प्रकल्पाविरुद्ध पहिली तक्रार येते ती बहुतेक वेळा याच कारणाने.

निवडलेला कचरा मग दळायचा. यंत्रात त्याच्याइतकंच पाणी घालून पळीवाढा रबडा करतात. तुकडे जितके बारीक तितकं जंतूंना काम सोपं. इथे चूक होते ती पाण्यात. दळण लवकर उरकावं म्हणून भरमसाट पाणी घातलं जातं. टाकीचं आकारमान ठरलेलं असतं, त्यामुळे जादा पाणी आत गेलं की तितकाच अर्धवट पचलेला रबडा बाहेर ढकलला जातो.

भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत यानंतर एक जादा टप्पा असतो. रबडा आधी एका छोट्या टाकीत तीन-चार दिवस हवा देऊन, गरम पाण्याच्या मदतीने उबदार ठेवतात. उष्णता सोसणारे जंतू तिथे त्याचं प्राथमिक पचन करतात. मुख्य टाकीवरचा भार त्यामुळे हलका होतो, आणि वर तवंग धरून बसणारं तूप-तेलही बरंचसं फुटतं. सगळ्याच प्रकल्पांत हा टप्पा नसतो, पण आपल्याकडच्या मसालेदार, तेलकट खरकट्याला तो मानवतो.

आता मुख्य टाकी, म्हणजे पाचक टाकी किंवा डायजेस्टर. हवाबंद, आणि एक टन कचऱ्यासाठी साधारण ५० घनमीटरची. रोज एक टन कचरा आणि एक टन पाणी आत जाणार आणि ते सुमारे पंचवीस दिवस आत राहायला हवं, यावरून हे माप निघतं. आत हवा नसते, म्हणून तिथे जगतात ते फक्त प्राणवायूविना जगणारे जंतू. त्यांची पाळीपाळीने कामं ठरलेली असतात. काही जंतू पिष्ट, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ फोडून विरघळणारे करतात. दुसरे त्यापासून आम्लं बनवतात. तिसरे त्या आम्लांचं व्हिनेगरमधल्या आम्लात रूपांतर करतात. शेवटचे ते खाऊन मिथेन सोडतात. जळतो तो हा मिथेन. टाकीतून निघणाऱ्या बायोगॅसमध्ये तो ५५ ते ६५ टक्के असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड.

सुरुवात करताना टाकीत हे जंतू नसतात, ते आणावे लागतात. गाईच्या पोटात हेच जंतू असतात, म्हणून टाकीत प्रथम शेणकाला भरतात. दुधाला विरजण लावावं तसंच हे आहे, फक्त लागायला महिना-दीड महिना जातो. या काळात कचरा अगदी थोडा, किलोकिलोने वाढवत घालायचा. सुरुवातीचा वायू पेटत नाही, कारण त्यात मिथेन कमी असतो. पाहुणे बोलावून उद्घाटन करण्याची घाई इथे नडते. तो वायू सोडून द्यायचा आणि निळी ज्योत दिसेपर्यंत थांबायचं.

आणि या टाकीचं सगळ्यात नेहमीचं दुखणं म्हणजे आंबटपणा. आम्ल बनवणारे जंतू झपाट्याने काम करतात, मिथेन बनवणारे संथ. लग्नसराईत किंवा सणाच्या दुसऱ्या दिवशी दुप्पट कचरा आला आणि तो सगळा एकदम आत ढकलला, तर आम्ल साचत जातं आणि संथ जंतू त्यात निकामी होतात. आम्लता मोजण्याचं माप म्हणजे सामू. तो ६.८ ते ७.४ च्या दरम्यान हवा. रंग बदलणाऱ्या कागदाची पट्टी बुडवून तो रोज पाहता येतो. पट्टी स्वस्त असते, पण रोज पाहणारा माणूस मिळणं अवघड.

खुणा ओळखता येतात. बुडबुडे येत राहतात पण ज्योत पेटत नाही, रबड्याला व्हिनेगरसारखा वास येतो, वायू हळूहळू कमी होतो. वायू कमी झाला म्हणून नवखा माणूस कचरा वाढवतो आणि टाकी पुरती बसते. करायचं बरोबर उलटं. कचरा घालणं चार-सहा दिवस बंद ठेवायचं, सामू पाहत पाहत थोडा थोडा चुना किंवा खाण्याचा सोडा घालायचा, ताजा शेणकाला सोडायचा आणि सामू सातच्या आसपास आला की पुन्हा थोड्यापासून सुरुवात करायची. सणाचा जादा कचरा येणार हे आपल्याला पंचांगावरून आधीच कळतं, त्या दिवशीचा जादा भाग कंपोस्टला पाठवायची सोय तयार ठेवावी.

थंडीतही वायू घटतो. हे जंतू ३५ अंशांच्या आसपास खुशीत असतात, २० च्या खाली सुस्तावतात. मुंबई-कोकणात याची फारशी काळजी नाही. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत टाकीला ऊब द्यावी लागते, आणि ती कुठून आणायची ते इंजिनाच्या वेळी पाहू.

वायू साठतो तो टाकीवरच्या तरंगत्या झाकणाखाली किंवा जाड रबरी कापडाच्या फुग्यात. तिथून नळी निघते, आणि या नळीत एक अगदी साधा बिघाड लपलेला असतो. बायोगॅस ओला असतो. रात्री गारव्याने त्यातली वाफ निवून नळीत पाणी साचतं, आणि नळी कुठे खाली झोळ घेत असेल तर तिथे ते वायूची वाट अडवतं. ज्योत फडफडते, इंजिन आचके देतं आणि लोक टाकीला दोष देतात. नळीला सतत एका बाजूला उतार हवा, आणि सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी काढायची तोटी. रोज सकाळी ती उघडायची.

यानंतर शुद्धीकरण. अंडी, डाळी, मासळी यांतल्या गंधकापासून टाकीत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू. शेगडीला थोडासा चालून जातो. इंजिनात मात्र तो जळून ओलाव्याबरोबर आम्ल बनवतो आणि ते तेल खराब करतं, बेअरिंगं खातं. म्हणून वायू लोखंडाचा गंजलेला कीस भरलेल्या नळकांड्यातून नेतात. लोखंड गंधक धरून ठेवतं. काही महिन्यांनी कीस काळा पडला की बदलावा लागतो, आणि उघडताना तो हवेशी संयोग पावून तापतो, हे माहीत असलेल्या माणसानेच ते काम करावं. पैसे वाचवण्यासाठी हे नळकांडं गाळलं किंवा कीस वेळेवर बदलला नाही, तर इंजिन दुरुस्तीला जातं, आणि प्रकल्प बंद पडल्याचं कारण मग ‘कचरा मिळत नाही’ असं सांगितलं जातं.

आता इंजिन. स्पार्क प्लगवर चालणारं गॅस इंजिन आणि त्याला जोडलेला अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारं यंत्र. एक घनमीटर बायोगॅसमध्ये सुमारे सहा युनिटांएवढी उष्णता असते. त्यातलं दीड ते दोन युनिट विजेच्या रूपाने मिळतं. छोट्या इंजिनात सव्वा युनिटावरही समाधान मानावं लागतं. उरलेली उष्णता थंड करणाऱ्या पाण्यातून आणि धुरातून निघून जाते. तेच गरम पाणी नळ्यांतून टाकीभोवती फिरवलं की थंडीतल्या उबेचा प्रश्न सुटतो.

किती मोठं इंजिन घ्यावं? शंभर घनमीटर वायूवर २५ किलोवॉटचं इंजिन सुमारे सहा तास चालतं. ‘पुढे कचरा वाढेल’ म्हणून दुप्पट मोठं घेतलं तर ते जेमतेम भारावर, थोडा वेळ चालतं आणि त्याच वायूतून वीज कमी देतं. दिवसभर वायू फुग्यात साठवायचा आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर इंजिन पूर्ण भाराच्या जवळपास चालवायचं, हे उत्तम.

दीडशे युनिट सगळे हाती येत नाहीत. साडेसात अश्वशक्तीचं दळणयंत्र तीन तास चाललं की सतरा युनिट तिथेच गेले. पंप आणि प्रकल्पावरचे दिवे मिळून वीस-पंचवीस युनिट घरच्याच खर्चाला लागतात. विक्रेता हिशेब मांडेल तेव्हा ही वजाबाकी त्यात आहे का, ते विचारून घ्या.

उरलेली वीज कुठे वापरायची, तर स्थिर भारावर. जिन्यातले, रस्त्यावरचे, बागेतले दिवे सगळ्यात सोयीचे. लिफ्ट किंवा मोठा पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढतो आणि छोटं इंजिन गुदमरून बंद पडतं. मुंबईत हाजीअलीजवळ केशवराव खाड्ये मार्गावर २०२२ मध्ये अशा विजेवर वाहनं चार्ज करण्याचं केंद्र सुरू झालं, तोही चांगला वापर आहे. महावितरण किंवा आपली जी वीज कंपनी असेल तिच्या वाहिनीला जोडायचं तर तिची परवानगी लागते. न जोडता वापरायची असेल तर मध्ये चेंजओव्हर स्विच हवाच, म्हणजे एका वेळी एकाच बाजूची वीज घेणारा खटका. तो नसेल तर आपली वीज उलटी वाहिनीत जाते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते.

धोक्याचं बोलतोच आहोत तर आणखी एक. टाकी रिकामी झाली, गाळ काढायचा आहे, म्हणून कुणालाही आत उतरवू नका. आत प्राणवायू नसतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास जास्त प्रमाणात असताना उलट येईनासाच होतो, कारण नाक बधिर होतं. एक माणूस आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दोघेही जातात. हे काम पंपाने, किंवा श्वसनयंत्र असलेल्या प्रशिक्षित माणसांनीच करायचं. हवेत पाच ते पंधरा टक्के मिथेन मिसळला तर त्याचा स्फोट होऊ शकतो, म्हणून प्रकल्पाच्या आवारात विडी-सिगारेट आणि उघडा दिवा बंद.

हाच मिथेन कचराभूमीवरही तयार होतो, फक्त तिथे तो कुणाच्या ताब्यात नसतो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारच्या कचराभूमीला लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली, तेव्हा ढिगाच्या पोटातला हा वायू तिला खाद्य पुरवत होता. मोकळा सुटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापमानवाढ करतो. त्यामुळे दीडशे युनिट विजेला मी दुय्यम समजतो. टनभर कचरा ढिगावर गेला नाही, ही प्रकल्पाची मोठी कमाई.

शेवटी राहते स्लरी, म्हणजे पचून बाहेर आलेला पातळ रबडा. एक टन कचरा आणि एक टन पाणी आत गेलं, वायूच्या रूपाने त्यातलं सव्वाशे किलोच्या आतच वजन गेलं. म्हणजे रोज जवळजवळ पावणेदोन ते दोन टन स्लरी बाहेर येणार, आणि ही गोष्ट कित्येक आराखड्यांत विसरलेली असते. खत म्हणून ती उत्तम आहे, पण इतकी पातळ की दूरवर नेण्याचं भाडं परवडत नाही. जाळीवर किंवा वाळूच्या वाफ्यावर तिचं पाणी निथळू द्यायचं. पाणी पुन्हा दळणाला वापरायचं, म्हणजे नळाचं पाणीही वाचतं, पण थोडं ताजं पाणी मिसळत राहायचं, नाहीतर क्षार साचतात. उरलेला गाळ वाळवून बागेला किंवा रोपवाटिकेला द्यायचा. उन्हाळ्यात वाफे दोन दिवसांत वाळतात, पावसाळ्यात आठवडाभरही ओले राहतात. तेव्हा वाफ्यांवर छप्पर घालायचं की नाही आणि जुलैतली स्लरी कोण उचलणार, हे टाकीचा पाया खणण्याआधीच कागदावर ठरवून घ्यावं.